हौशीबायचा शेरा

हौशीबायला कुणी बिचारी म्हटलेलं खपत नसे. खोडाळ्याच्या बाजारात एकदा एक शहरी बाई तिच्या टोपलीतली करटोली निवडता निवडता म्हणाली, "अगं बाई, किती लांबून चालत येता हो तुम्ही!" आणि वर चेहरा असा केला, जणू कुणी गेलंय. हौशीबायने तिच्या पिशवीतली करटोली काढून परत टोपलीत ओतली. "चालून पाय माझं दुखतात, तुझं तोंड का दुखतंय?" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाई अशी. आवडली तर आवडली, नाहीतर तुमचा रस्ता मोकळा.

मोहपाड्यातल्या वीस-बावीस बायांची ती म्होरकी. भात झोडून झालं, नागली घरात आली, दिवाळी उरकली, की पाड्यातल्या बाया कामाला खाली उतरतात. कुणी गवत कापायला जातं, कुणी डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत. बोलणी करायची ती हौशीबायनेच. तिच्या तीन अटी सगळ्या वाडीवाल्यांना तोंडपाठ: जीप नेताना हवी तशी आणतानाही हवी, तान्ह्या पोरांना सावलीची जागा हवी, आणि बायांशी बोलताना मुकादमाचा आवाज खाली हवा. ऐकायला काय, सोप्या वाटतात. पण त्या मिळवायला तिची नऊ वर्षं गेली. दोन वर्षांमागे एका शेठच्या मुकादमाने जीप बिघडल्याचं सांगून सगळ्यांना अर्ध्या वाटेत, कासाच्या नाक्यावर उतरवून दिलं होतं. त्यांतल्या गौराचं पोरगं तापाने फणफणलेलं, आणि हे महाशय जीप घेऊन परत! त्या दिवसापासून मोहपाड्यातली एक बाई त्या शेठच्या वाडीत गेली नाही. मुकादम दोनदा गयावया करून गेला. हौशीबाय जागची हलली नाही.

अशा बाईला, आणि पाड्यातल्या आणखी पाच जणांना, जव्हारच्या एका कॉलेजने आपलं 'समाज-भागीदार' करून घेतलं. आता हे काय प्रकरण, तर लेखनाचा नवा अभ्यासक्रम आला होता. पोरांनी वर्गात बसून 'पावसाळ्यातील एक दिवस' खरडत बसायचं नाही, गावात जायचं, माणसांशी बोलायचं, त्यांच्या उपयोगाचं काहीतरी लिहायचं, आणि ते बरं झालंय की नाही हे त्या माणसांनीच सांगायचं. खोटं कशाला बोला, कल्पना झकास होती. ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला हौशीबायने चहा पाजला असता.

म्हणून रविना आली. दाभोशाची पोरगी, दुसऱ्या वर्षाला. नवरात्राच्या सुट्टीत दोन दिवस हौशीबायकडे राहिली. न सांगता भाजी निवडायला बसली, आडवळणाने काही विचारलं नाही, आणि जे ऐकलं ते वहीत भराभर उतरवत गेली. हौशीबायने तिला जीपचं सांगितलं, मुकादमाचं सांगितलं, नऊ वर्षांचं सगळं सांगितलं. पोरगी जाताना ती सुनेला म्हणालीसुद्धा, "हिच्या हाताला कायतरी हाय."

दिवाळीनंतरच्या सोमवारी कॉलेजची मंडळी पाड्यावर आली. शाळेच्या पडवीत सतरंजी पसरली. मराठीचे सर खुर्चीवर, सहा पोरंपोरी खाली, आणि समोर पाड्यातली माणसं. टेबलावर शाईची डबी आणि फॉर्मचा गठ्ठा. सर घाईत होते. "फक्त अंगठे घ्यायचेत," ते म्हणाले. "दहा मिनिटांचं काम. जीप थांबलीय."

म्हातारा तुका सगळ्यांच्या पुढे. अंगठा लावायचा आणि शाई डोक्याला पुसायची, यात त्याची हयात गेलेली. त्याने डबीत अंगठा बुडवलासुद्धा.

"थांब रं तुका," हौशीबाय म्हणाली. "पोरी, अंगठ्याच्या वर काय लिवलंय?"

रविनाने मान खाली घालून वाचलं, "माझ्याविषयीचा मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला मान्य आहे."

"मग दाखव की वाचून."

सरांनी घड्याळ पाहिलं. "हौशीबाई, तुम्हा सगळ्यांवरची पुस्तिका छापून आली की सावकाश वाचतील हो मुली."

"छापल्यावर वाचून काय लोणचं घालू त्याचं? आता वाच."

रविना उभी राहिली. "श्रीमती हौशी यांच्या घरी कित्येक दिवस चूल पेटत नाही. नशिबाचे भोग भोगत त्या मूकपणे जगत आहेत..."

मूकपणे! पडवीत हशा पिकला. हौशीबाय आणि मूकपणे! गौराने तोंडाला पदर लावला. "बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या," रविना कशीबशी पुढे वाचत होती. "मिळेल त्या अटीवर, मिळेल ते काम करण्यास त्या सदैव तयार असतात. समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, हीच प्रार्थना."

"माझं वाचा, माझं वाचा!" तुकाला आता राहवेना. त्याचा कागद करिष्मा नावाच्या पोरीकडे होता. तिने सरांकडे पाहिलं, सरांनी छपराकडे पाहिलं. तिने वाचलं. "श्री. तुका यांच्या घरी कित्येक दिवस चूल पेटत नाही. नशिबाचे भोग भोगत..."

तुका म्हणाला, "अरं, माझं डोळं कवा पाणावलं? मोतीबिंदू काढला तवा पण नाय पाणावलं!" आता मात्र पडवी खदाखदा हसायला लागली. सहाही कागद वाचून झाले. सहा घरांत चूल पेटत नव्हती आणि सहा जणांच्या डोळ्यांच्या कडा एकाच वाक्यात पाणावल्या होत्या. फक्त नावं वेगळी.

हौशीबाय हसत नव्हती. तिच्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि ती चुलीमुळे नव्हती. "ते अटीचं परत वाच," ती म्हणाली.

"मिळेल त्या अटीवर, मिळेल ते काम करण्यास..."

"बस." ती सरांकडे वळली. "ही पुस्तिका कुनाला देनार?"

सरांना वाटलं, चला, बाईने विषय बदलला. ते खुलले. छपाईचा खर्च एक संस्था करणार होती, संस्थेचे अध्यक्ष डहाणूकडचे मोठे बागायतदार, त्यांच्याच हस्ते प्रकाशन. मग प्रत्येक वाडीवाल्याला एकेक प्रत. "म्हणजे बघा, तुमच्या पाड्याला घरबसल्या कामं येतील. अध्यक्षसाहेबांनी स्वतः मोहपाड्याचं नाव सुचवलं."

"कोन अध्यक्ष?"

सरांनी नाव सांगितलं. पडवीतलं हसू पुसल्यासारखं गेलं. गौराने मांडीवरचं पोरगं जवळ ओढलं. तोच तो शेठ. ज्याच्या मुकादमाने कासाला उतरवून दिलं होतं तोच.

आता हौशीबायला सगळं लख्ख कळलं. मुकादमाच्या हातापाया पडण्याने जे झालं नाही, ते कागदाने होणार होतं. पुढच्या आठवड्यात वाडीवाल्यांशी बोलणी. ती म्हणणार जीप दोन्ही बाजूंनी, आणि समोरचा पुस्तिका उघडून दाखवणार: बाई, तुझाच अंगठा आहे, मिळेल त्या अटीवर! नऊ वर्षं एका ओळीत धुऊन जाणार होती. आणि तिची एकटीची नाही, बावीस बायांची.

"मी अंगठा देनार नाय," ती म्हणाली.

"अहो, लोकांना वाईट वाटलं की मदत मिळते," सर म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता, उगाच का म्हणा. पंचवीस वर्षं अर्ज-विनंत्या करून त्याला एवढंच कळलं होतं की हात जोडल्याशिवाय काही मिळत नाही. "आणि या मुलांचा विचार करा. भागीदाराचा अंगठा नसेल तर या विषयात मुलं नापास. लांबून लांबून येतात शिकायला. त्यांचं वर्ष का घालवता?"

ही गोष्ट मात्र लागली. करिष्माचे डोळे खरोखरच भरून आले होते. गौरा हळूच म्हणाली, "बाय, दे ना. पोरींचं नुकसान नको. शेठचं आपन नंतर बघू." दोन-चार माना हलल्या. तुका बुडवलेला अंगठा हवेत धरून बसला होता.

हौशीबाय रविनाकडे वळली. "हे तू लिवलंस?"

"नाही काकी." रविना म्हणाली. "मी तुमचं सगळं लिहिलं होतं. चौदा पानं. सर म्हणाले, यात करुणा नाही, संस्थेला असलं चालत नाही. त्यांनी नमुना दिला. मी तुमचं नाव घातलं."

"आनि गप बसलीस."

"हो."

तेवढं एक 'हो' हौशीबायला आवडलं. रागही आला, आणि आवडलंही. पोरगी सरांच्या मागे लपली नव्हती. "त्या कागदावर," तिने विचारलं, "बरं हाय म्हनायलाच जागा हाय, का बरं नाय म्हनायला पन?"

रविनाने फॉर्म पाहिला. "दोन्हीला आहे. 'काम समाधानकारक आहे का? होय किंवा नाही.'"

"ती जागा आजवर कुणी वापरलेली नाही," सर घाईघाईने म्हणाले. "ती आपली नावाला असते."

"असते ना? मग 'नाही' लिव."

हौशीबायला अंगठ्यापलीकडे लिहिता येत नव्हतं. लिहिणार कोण? पेन रविनाच्या हातात होतं आणि फॉर्म रविनाचाच होता.

"रविना," सर दबक्या आवाजात म्हणाले, "वेडेपणा करू नकोस. स्वतःच्या हाताने स्वतःला नापास करणार आहेस का? घरी काय सांगशील?"

घरी काय सांगणार, हे रविनाला खरंच माहीत नव्हतं. पहिल्या वर्षालाच बापाचं चाललं होतं की हिचं लग्न लावून देऊ. ती खाली बसली, फॉर्म गुडघ्यावर घेतला, आणि ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं. मग स्वतःहूनच वरच्या ओळीवर, जिथे मजकूर मान्य असल्याचं छापलं होतं, तिथे आडवी रेघ मारली.

"एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी पुस्तिका छापता येत नाही," सर म्हणाले. खुर्चीत ते एकदम म्हातारे दिसायला लागले. "अध्यक्षांना मी काय तोंड दाखवू?"

"त्यांना माझ्याकडं धाडा," हौशीबाय म्हणाली. "जीप घेऊन या म्हनावं. दोन्ही बाजूची."

रविना फॉर्म वाचत होती. "काकी, खाली अजून एक चौकोन आहे. शेरा. भागीदाराला काही सांगायचं असेल तर."

"काय पन सांगता येतं?"

"काय पण."

हौशीबायने पदर खोचला. जन्मभर तिच्याबद्दल दुसऱ्यांनीच शेरे मारले होते. शाळेने मारले, दवाखान्याने मारले, मुकादमाने तर किती मारले. ती सांगत गेली आणि रविना एकही शब्द न बदलता लिहीत गेली. सरांनी एकदा "भाषा जरा नीट कर गं" म्हटलं, तिने ऐकलं नाही.

पोरगी हुशार हाय. खोटं लिवलं म्हनून नापास. सरांनी खोटं लिवाया शिकवलं, ते पन नापास. दोगांना परत बसवा. या टायमाला पेपर आमी तपासू.

हौशीबायने अंगठा डबीत बुडवला आणि त्या ओळींखाली चांगला दाबून उमटवला. मागून तुका ओरडला, "ए पोरी, माझ्या कागदावर पन 'नाही' लिव, शाई वाळाय लागली!"