उंबरठ्याच्या आत

"धनी, आगळ काढली आहे. मी जरा भिंतीकडं तोंड करून उभा राहतो," द्वारपाल प्रिब्को म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली.

दुब्रोवनिकचे नगराधिपती युनिये तांबडा झगा सावरीत उंबरठ्यापाशी आले. पलीकडच्या गल्लीत प्रिब्कोची आई दोब्रुशा अखेरच्या घटका मोजीत होती. युनिये जन्मतःच मातृहीन झाले, तेव्हा तिनेच या दोघांना एका पदराखाली दूध पाजले होते. सकाळपासून ती दोघांच्याही नावाने हाका मारीत होती.

परंतु या नगरीत आधिपत्य एका महिन्याचे, आणि त्या महिन्यात राजकार्यावाचून प्रासादाबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, हा पूर्वजांचा दंडक. त्यातच काही उमरावांनी शेजारच्या राजासाठी वेशीचे दार उघडण्याचा कट रचला होता. ते पकडले गेले. तरी अधिपतीही त्यांना सामील आहेत, आज ना उद्या पळतील, अशी कुजबुज चौकात चालूच होती.

युनियेंनी बाहेर पाहिले. मासळीवालीने टोपली खाली ठेवली. भट्टीवाल्याचे हात थांबले. सारा चौक त्या उघड्या दाराकडे पाहत होता.

ते एक पाऊल मागे सरले.

"प्रिब्को, तू जा."

"मी कसा जाऊ? बाकीचे सारे तटावर आहेत. दार कोण राखणार?"

"मी आहे ना. नाहीतरी कोंडलेलाच आहे."

प्रिब्को गेला. अधिपती त्याच्या बुटक्या तिवईवर, दाराच्या आत, किल्ली मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळाने मासळीवाली म्हणाली, "पहारेकरी बरा मिळाला हो, झगा तेवढा भारी आहे." चौक हसला. कित्येक दिवसांनी हसला. मग ज्याचा तो कामाला लागला.

सांज होता होता प्रिब्को परतला.

"गेली?" युनियेंनी विचारले.

"गेली. धाकटा कुठाय म्हणाली. दार राखतोय म्हटलं, तर हसली. म्हणाली, त्याचे पाय गार पडतात, फरशीवर टेकू देऊ नको."

युनिये उठू लागले. प्रिब्कोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस रे जरा."

त्याने आपला लोकरी अंगरखा काढून त्यांच्या पायांवर पांघरला, आणि सावकाश, आवाज न करता, आतून दार लावले.