टाक्याचं विरजण

जठारपेठेतल्या शाळेच्या बागेचं टाकं गयासुद्दीन मिस्त्रींनी तीस वर्षांपूर्वी बांधलं होतं. या उन्हाळ्यात त्याला केसभर भेग पडली. दोनदा सिमेंट भरलं, दोनदा निघालं. मग मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, महिनाअखेर गळती थांबली नाही तर टाकं पाडायचं. मिस्त्रींची नात यास्मीन त्याच शाळेत आठवीत होती. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

विज्ञानाच्या गोदावरीबाईंनी तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेली बाटली दाखवली. "यात मातीतले जंतू आहेत, निरुपद्रवी. त्यांना खायला दिलं की ते भेगेत बसून चुना तयार करतात."

"म्हणजे दादाजानसारखे मिस्त्री?"

"हो. फक्त चहा मागत नाहीत."

दोघींनी पिचकारीने ते पाणी भेगेत सोडलं, वर ओलं पोतं लावलं. चौथ्या दिवशी पोत्याला फिनाइलचा वास आला.

शिपाई चंदन खुशीत होता. "बाई, तुमीच त म्हणत होत्या, टाक्याले जंतू हायेत. मी पुरी बाटली ओतली. एकबी वाचला नसन!"

यास्मीनच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकं बघायला आलेले मिस्त्री मात्र हसत सुटले. "काहून बे चंदन, माह्या टाक्याचे मिस्त्रीच मारून टाकले ना तू!"

"मले काय मालूम? जंतू म्हणजे मारायचीच चीज."

बाईंनी विचारलं, "चंदन, घरी दही कशाने लावता?"

"विरजणानं."

"तेही जंतूच."

"मंग मी रोज जंतू खाऊन राहिलो?"

दोन दिवस स्वच्छ पाण्याने भेग धुतली. पुन्हा पिचकारी, पुन्हा पोतं. या वेळी यास्मीनने भिंतीवर खडूने लिहिलं, 'विरजण लावलं आहे.' चंदन सकाळ-संध्याकाळ पोतं भिजवी आणि मुलं जवळ आली की ओरडे, "हालवू नका रे, जमून राहिलं!"

महिनाअखेर टाकं काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी पोतं काढलं. भेगेत पांढरी रेघ भरली होती. त्यांनी वरून खाली तळहात फिरवला. भिंत कोरडी होती, फक्त तळाशी वीतभर ओल होती.

मुख्याध्यापकांनी ती ओल बोटाने चाचपली. "अजून एक महिना थांबू," ते म्हणाले.

चंदन तोवर पोतं पुन्हा भिजवून घेऊन आला होता. "बाई, एवढ्यापुरतं विरजण उरलं असन ना?"