कोंबड्याची कडी

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. विजेची नव्हे, कोळशाची. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागीट आहे. जिच्या पोटात आयुष्यभर निखारे भरले, तिने थंड डोक्याने वागावे अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझे तसे नाही. मी एका माणसावर डूख धरला होता, आणि त्याचा सूड कसा उगवला तेच मला सांगायचे आहे.

एका ओताऱ्याने मला घडवले. अंग पितळेचे, तळ जाड आणि गुळगुळीत, मूठ लाकडाची. झाकण बंद करायला त्याने एक कडी बसवली आणि कडीच्या टोकाला एक छोटा पितळी कोंबडा. कोंबडा अंगठ्याने खाली दाबला की कडी 'टक्' करून बसायची. मला दुकानदाराच्या हवाली करताना ओतारी म्हणाला, "तळ झिजेल, मूठ काळी पडेल, पण ही कडी आपणहून सुटायची नाही." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझी सगळी अब्रू त्या कडीत आहे.

तिथून मी एका अरुंद लॉन्ड्रीत आले. एक लांब टेबल, त्यावर घडी घातलेले घोंगडे, कोपऱ्यात शेगडी, डोक्यावर हँगर लटकवायची तार. मालक लवकरच आजारपणात गेला आणि त्याच्या बायकोने माझी मूठ धरली. गिऱ्हाइके तिला मावशी म्हणत. मी तिला बाई म्हणते. तिच्याजवळ तिचा धाकटा दीर राहत असे. आईवेगळे पोर तिनेच वाढवले होते आणि कामही तिनेच शिकवले होते. प्रत्येक शर्टाची घडी घालताना तो "एकदम कडक!" असे ओरडायचा, म्हणून गल्लीने त्याचे नाव कडकराव ठेवले.

ती माझी सुखाची वर्षे. चर्चमधल्या गायकांचे झगे, वेदीवरचे पांढरे कापड, पाळकसाहेबांचा झगा, सगळे माझ्याखालून जायचे. उपासनेला बाई पुढच्या बाकावर बसायची आणि समोरची प्रत्येक घडी आपली आहे हे बघून खूश व्हायची.

बाईची एक खोड होती. तिला प्रत्येक गोष्टीत देवाचा धडा दिसायचा. कॉलर उलटी करून म्हणायची, "आधी आतून, मग बाहेरून. नुसती वरवर इस्त्री केलेला माणूस पहिल्याच घामाला चुरगळतो." एकदा कुणाच्या तरी कोटाचे बटण हरवले. तिने सगळे काम थांबवले, दिवा लावला, दुकान कानाकोपऱ्यापर्यंत झाडून काढले आणि शेगडीखाली बटण सापडल्यावर शेजारणीला हाक मारून दाखवले.

"अगं, एका बटणासाठी एवढा खटाटोप?" शेजारीण म्हणाली.

"देव आपल्याला असाच शोधतो गं. तो कधी म्हणतो का, जाऊ दे, एकच तर आहे?"

माझ्यातली राख फुंकतानाही तिचे चालूच असे. "कालची राख साठू दिली की आजचा निखारा विझतो. कालच्या रागाचंही तसंच आहे." मी कंटाळून जायचे. मला कपड्यांसाठी ओतले की उदाहरणांसाठी, असा प्रश्न मला पडायचा. आणि राखेचे म्हणाल, तर माझी थोडी राख मी कोपऱ्यात धरूनच ठेवत असे.

मग तो दिवस आला. चर्चची नवी इमारत उभी राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचा अर्पणविधी होता. पाळकसाहेबांनी त्यासाठी नवा झगा शिवला होता, आणि तो आमच्या टेबलावर पसरलेला होता. बाई तयार कपडे पोहोचवायला गेली होती. कडकरावाने माझ्यात ताजे निखारे भरले, झाकण लोटले, एवढ्यात त्याचा एक दोस्त दारात आला. गप्पा रंगल्या. निखारे फुलावेत म्हणून इस्त्री हातात धरून झुलवतात. कडकरावाने बोलता बोलता मला झुलवले. पण त्याने कोंबडा दाबलाच नव्हता. झाकण उघडले आणि एक निखारा थेट झग्याच्या छातीवर पडला. कापडाला काळ्या काठाचे भोक पडले. दोस्त हळूच सटकला.

बाई परतली तेव्हा पाळकसाहेबही झगा न्यायला येऊन उभे होते. कडकरावाने माझ्याकडे बोट दाखवले.

"कडी सैल झालीय हिची. वहिनींना कितीदा सांगितलं, दुरुस्त करून घ्या. ऐकतच नाहीत!"

नाचता येईना, अंगण वाकडे! मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, माझ्याइतकी ती कुणाची गेली नसेल. मला वाटले, आता बाई याचे कान उपटणार. बाईने त्याच्याकडे एकदा पाहिले, भोकावरून बोट फिरवले आणि पाळकसाहेबांना एवढेच म्हणाली, "चूक झाली. रात्रीच्या आत ठिगळ लावून देते."

सगळे गेल्यावर तिने माझा कोंबडा दाबला. टक्. उघडला, पुन्हा दाबला. टक्. तिला सगळे कळले होते.

"मग बोलली का नाहीस?" शेजारणीने विचारले.

"आईवेगळं पोर आहे ते. चर्चच्या मंडळीत खोटारडा ठरला तर त्याला काम कोण देईल? आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

तांबडे मात्र फुटता फुटेना. मावशीच्या इस्त्रीतून निखारे पडतात, ही बातमी चर्चच्या बाकाबाकांवर फिरली. आधी झगे यायचे बंद झाले, मग वेदीचे कापड, मग घराघरांतले रविवारचे कपडे. थोड्याच दिवसांत कडकरावाने रस्त्यापलीकडे, अगदी आमच्या दारासमोर, विजेच्या इस्त्र्यांची लॉन्ड्री थाटली. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'निखारा नाही, डाग नाही.'

बाई आता बटणे लावून आणि कपड्यांच्या कडा शिवून पोट भरू लागली. मला तिने दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याजवळ ठेवले. तिथून ती पाटी मला दिवसभर दिसायची. माझ्या कोंबड्याच्या तुऱ्यावर धूळ बसली, येणारेजाणारे मला ठोकरत गेले, पण त्याचे मला काही वाटले नाही. मला लागले ते वेगळेच. उपासनेहून येताना बायका थट्टेने विचारायच्या, "काय मावशी, आज निखारे घरीच ठेवलेत ना?" बाई रस्त्यात हसायची. घरात येऊन पाठमोरी बसायची. पुढचा बाक तिने सोडला होता. आता ती सगळ्यांत मागे, दाराजवळ बसते, असे ती शेजारणीला सांगताना मी ऐकले. चांगल्या हाताची म्हणून तिची ओळख होती, तीच गेली होती. आणि ज्याने ती घालवली तो समोर "एकदम कडक!" म्हणून ओरडत होता.

एके दिवशी कड शिवता शिवता बाई रविवारी ऐकलेले वचन पुटपुटत होती. वैऱ्याला भूक लागली तर त्याला जेवू घाल, तहान लागली तर पाणी दे, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचल्यासारखे होईल.

निखारे! डोक्यावर! मी उंबऱ्याजवळ ताडकन जागी झाले. इतक्या वर्षांत बाईचे एवढे धडे ऐकले, पण माझ्या कामाचे वचन हे एकच. भूक आणि तहान बाईने बघावी, निखाऱ्यांचे मी बघते! त्या दिवसापासून मी वाट पाहू लागले. कुणीतरी मला एकदा भरावे आणि कडकरावाचे डोके माझ्याखाली यावे, एवढीच माझी प्रार्थना होती.

देवाने ती ऐकली म्हणा किंवा वाऱ्याने. मधल्या वर्षांत कडकरावाचे लग्न झाले, मुलगी झाली, आणि आता त्या मुलीचेच लग्न होते. आदल्या दिवशी मोठे वादळ झाले, खांब पडले आणि सगळ्या भागाची वीज गेली. लग्नाच्या सकाळी मी समोर पाहिले तर लॉन्ड्रीत अंधार. विजेच्या सगळ्या इस्त्र्या माझ्याहून थंड पडलेल्या. आणि कडकराव मुलीचा पांढरा झगा दोन्ही हातांवर आडवा घेऊन रस्ता ओलांडत होता. झगा पेटीतून काढलेला, जागोजागी चुरगळलेला. लग्नाला अजून थोडाच वेळ होता.

उंबऱ्यापाशी तो थबकला. त्याची नजर माझ्यावर पडली.

"वहिनी..." त्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ही इस्त्री... चालते का अजून?"

बाईने सुई खाली ठेवली. "चालते की. तिला काय झालंय?"

त्याने मान खाली घातली. बाईने मला उचलले, धूळ पुसली, तळावर मेण फिरवून जुन्या फडक्यावर घासले आणि शेगडीतले निखारे माझ्या पोटात भरले. कितीतरी वर्षांनी मी तापले! मी मनाशी ठरवूनच टाकले. झग्याच्या छातीवर, अगदी त्याच जागी, एकच निखारा. फक्त कडी थोडी सैल सोडायची. मी कडकरावाकडे बघून धगधगत होते.

बाईने कोंबडा दाबला. टक्.

आणि मित्रांनो, त्या आवाजासरशी माझी पंचाईत माझ्या लक्षात आली. मी कडी सोडली असती तर कडकराव खरा ठरला असता! सगळे म्हणाले असते, बघा, आम्हांला ठाऊकच होते, कडी सैलच आहे. ज्या खोट्यापायी मी इतकी वर्षे जळत होते, त्यावर मीच शिक्का मारला असता. मला दात असते तर आवळले असते. कडी मात्र आवळून धरली. चांगुलपणाने नव्हे, पक्क्या वैराने.

बाई एकेक चूण सोडवत गेली. आधी आतून, मग बाहेरून. कापड पांढरे, तळाखाली गरम, कुठे एक रेघ नाही. तिचा हात जरासुद्धा विसरला नव्हता. मधेच तिने विचारले, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही. वेळच नाही..."

"बस तिथं."

तिने त्याला चहा दिला, पाव दिला. त्याने एक घास घेतला आणि पाव खाली ठेवला. मी त्याच्यापासून चांगली चार हात लांब होते, तरी त्याचे कान तांबडे झाले, मग गाल, मग कपाळ. घाम धारांनी वाहू लागला. माझ्या पोटातला एकही निखारा हलला नव्हता आणि हा माणूस भाजत होता!

"गरम होतंय का रे?" बाईने मान वर न करता विचारले.

"हो वहिनी. फार."

"कोळसा चांगला आहे आज."

बाई म्हणते, ती हे साधेपणाने बोलली. मी तिला इतकी वर्षे ओळखते. मला तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी दिसले होते.

झगा तयार झाला. कडकरावाने तो लगेच घेतला नाही. त्याने अंगठा पुढे केला, माझा कोंबडा उचलला आणि दाबला. टक्. पुन्हा उचलला. टक्.

"कडी तेव्हाही घट्टच होती, वहिनी. मीच लावली नव्हती."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? जा आता, पोरगी वाट बघत असेल."

तो गेला. मी फसल्यासारखी निवत गेले. एवढ्यावरच? चार भिंतींच्या आत, कुणी ऐकत नसताना? हा कसला सूड!

पण पुढच्या रविवारी सकाळी कडकराव पुन्हा दारात उभा. "वहिनी, इस्त्री द्या जरा." आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी चर्चमध्ये गेले. उपासना संपल्यावर तो पुढे जाऊन उभा राहिला. मग त्याने मला सगळ्यांसमोर उंच धरले, झाकण लावले, कोंबडा दाबला आणि मला जोरजोराने झुलवले. झाकण हलले नाही. पाळकसाहेब, त्या थट्टा करणाऱ्या बायका, सगळी मंडळी बघत होती.

"ही कडी कधीच सैल नव्हती," तो म्हणाला. "तुमचा झगा मी जाळला, पाळकसाहेब. आणि दोष वहिनींवर ढकलला."

पाळकसाहेब पायऱ्या उतरून थेट मागच्या बाकापर्यंत चालत गेले, वाकले आणि म्हणाले, "मावशी, मी त्या दिवशी कडी लावूनसुद्धा पाहिली नाही. मला क्षमा करा." बाईने पदराने डोळे झाकले होते. तिने नुसती मान हलवली. मग त्यांनी तिला हात धरून पुढच्या बाकावर आणून बसवले.

आता झगे पुन्हा आमच्याकडे येतात. पाटी उतरली. माझी जागा उंबऱ्यावरून टेबलावर आली आहे. बाई म्हणते, सूड घेणे हे आपले काम नाही, ते देवावर सोडावे. असेल. पण मी खोटे कशाला बोलू? कडकराव मंडळीसमोर लालबुंद होऊन उभा होता, ते मला फार गोड लागले. अजून लागते. बाईने त्याला केव्हाच क्षमा केली. मी अजून थोडी राख कोपऱ्यात ठेवली आहे.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना कोपऱ्यात फेकू नका. त्यांची धूळ पुसा, त्यांना अधूनमधून तापू द्या. आम्हांला बोलता येत नाही, पण आमच्यासमोर झालेले आम्ही विसरत नाही. कुणाचा राग आलाच तर त्याचे कपडे अगदी नीट इस्त्री करून द्या, याहून चटका देणारे दुसरे काही मला माहीत नाही. आणि कधी कडी लावायची विसरलात, तर विसरलो म्हणा. कडीला बोल लावू नका.