उम्म सिद्रचे सहा डास

"पंख?" डॉक्टर जैनबनी विचारलं.

"काळसर. पुढच्या कडेवर फिकट ठिपके, चार."

"मागचे पाय?"

प्रमिलाने सूक्ष्मदर्शकाचं चाक जरासं फिरवलं. "नाहीत डॉक्टर. दोन्ही तुटलेत."

"उम्म सिद्रच्या सहाही डासांचे तुटलेत. उंटावरून आणले होते मी ते. लिही, फ्युनेस्टस. यल्ला ब्रमिला, पुढचा."

दोघी इंग्रजीत बोलत, पण डॉक्टरांच्या अरबी जिभेवर 'प'चा 'ब' व्हायचा. गेली दोन वर्षं प्रमिला त्यांच्याकडे ब्रमिलाच होती.

डॉक्टर जैनबनी सुदानच्या मलेरिया खात्यात तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर त्या दुबईत, देरा भागात मुलाकडे राहायला आल्या, त्या डासांच्या चाळीस पेट्या घेऊनच. सुदानमध्ये कुठला डास कुठे सापडतो, कसल्या पाण्यात वाढतो, माणसाला चावतो की गुरांना, याचं पुस्तक त्यांना पुरं करायचं होतं. पण डोळ्यांच्या बरोबर मध्यभागी काळा डाग पडला. कडेचं दिसे, समोरचं नाही. म्हणून बायकांच्या एका मासिकात त्यांनी जाहिरात दिली: बारीक काम करू शकणारी, प्राणिशास्त्र शिकलेली मदतनीस हवी.

पुण्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळलेली प्रमिला खाडीपलीकडच्या बर दुबई भागात नवऱ्याच्या व्हिसावर घरीच होती; तिने ती जाहिरात वाचून फोन केला. तेव्हापासून मुलगी शुभ्रा शाळेत गेली की ती अब्रात, तिथल्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडायची आणि दुपारपर्यंत डॉक्टरांचे डोळे व्हायची. तिने सुदान कधी पाहिलं नव्हतं. पण कुठल्या कालव्याकाठी कुठला डास, हे ती आता न बघता सांगे.

उम्म सिद्र म्हणजे नाईलकाठचं एक लहानसं गाव. इतक्या उत्तरेला फ्युनेस्टस, म्हणजे माणसांत मलेरिया पसरवणारा डास, आहे हे एकोणीसशे अडुसष्टमध्ये डॉक्टर जैनबनी दाखवलं होतं. खात्यातली ती एकटी बाई. त्या शोधानंतरच लोक त्यांना उठून खुर्ची देऊ लागले. भिंतीवरच्या नकाशातला तो लाल ठिपका त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता.

प्रमिलाने पुढची टाचणी भिंगाखाली धरली आणि ती थांबली. या डासाचा एक मागचा पाय तुटलेला नव्हता. पंखाखाली दुमडून टाचणीवरच्या कागदाला चिकटला होता. टोकाला काहीतरी पांढरं दिसत होतं.

"काय झालं?"

"काही नाही. डोळे दुखतायत आज. हे उरलेले उद्या करू का?"

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला, दत्तप्रसादला सांगितलं.

"अहो, फ्युनेस्टसचा पाय पांढरा नसतोच मुळी."

"अगं, तीस वर्षांपूर्वी मेलेला डास तो. बाईंना आता दिसत पण नाही. लिहून टाक आणि विषय खलास कर. त्यांचं पुस्तक तरी होऊ दे."

"आई, प्लीज, नॉट मॉस्किटोज अगेन," शुभ्रा जेवता जेवता म्हणाली.

प्रमिलाला वाटलं, हे म्हणतात तेही खरंच आहे. बाई सत्तरीच्या. एवढा एकच ठिपका त्या आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायच्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नमाजाला आत गेल्या, तेव्हा तिने ओल्या कापसाच्या डबीत तो डास ठेवून झाकण लावलं. दोन तासांनी पाय मऊ झाला. सुईच्या टोकाने तिने तो अलगद सरळ केला.

"डॉक्टर, उम्म सिद्रचा हा फ्युनेस्टस नाही."

डॉक्टर जैनबनी मान वळवून तिला डोळ्याच्या कडेने न्याहाळलं.

"तू सुदान पाहिलंयस?"

"नाही."

"तिथला एक तरी डास पकडलायस?"

"नाही डॉक्टर."

"मग कशाच्या जोरावर बोलतेस?"

"पाय पांढरा आहे," प्रमिला म्हणाली. तिने डबी हातातून खाली ठेवली नाही.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"किती पांढरा?"

"शेवटची दोन पेरं पूर्ण. त्याच्या आधीच्याचाही बराचसा भाग. आणि बाकीच्या पाचांचे पंख अगदी याच्यासारखेच आहेत."

"रुफिपेस," डॉक्टर पुटपुटल्या. "हा गुरांना चावतो. याच्यामुळे माणसं तापाने मरत नाहीत." मग त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "माझ्या शब्दावर त्या गावात सहा वर्षं औषध मारलं आम्ही. ताप होता तो पलीकडच्या तीरावर. तिथली माणसं येऊन विचारायची, आमच्याकडे कधी? मी सांगायचे, थांबा, पंप कमी आहेत."

"मग?"

"थांबले ते."

प्रमिला उठून स्वयंपाकघरात गेली. तिने चहा केला. तो गार झाला. शेवटी डॉक्टर उठल्या, खोडरबर घेऊन नकाशापाशी गेल्या आणि चाचपडू लागल्या. प्रमिलाने त्यांचं बोट धरून ठिपक्यावर नेऊन ठेवलं. कागद विरेपर्यंत त्या खोडत राहिल्या.

"उद्या येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

परतताना अब्रात प्रमिलाचे डोळे भरून आले. आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातून काय काढून घेतलं, असं तिला झालं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन वाजला.

"ब्रमिला, आठच्या आत येतेस?"

ती पोचली तेव्हा जेवणाच्या टेबलावर पेट्या रचून ठेवल्या होत्या. अकरा. सून कुरकुरत पोरांची ताटं जमिनीवर मांडत होती.

"अडुसष्टच्या आसपासच्या तीन वर्षांत मी ओळखलेले सगळे डास यात आहेत," डॉक्टर जैनब म्हणाल्या. "एक चुकला, तर आणखीही चुकले असतील. सगळे पहिल्यापासून बघायचे."

"डॉक्टर, हजारभर असतील. पुस्तक वर्षभर लांबेल."

"लांबू दे. आणि आता नाव मी सांगणार नाही. तू सांगायचं, मी लिहायचं."

प्रमिलाने पहिल्या पेटीचं झाकण उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. तिने टाचणी भिंगाखाली धरली, चाक फिरवलं. शेजारी डॉक्टर जैनब वही उघडून, हातातली पेन्सिल कोऱ्या ओळीवर टेकवून, ती काय सांगते त्याची वाट बघत बसल्या होत्या.