प्रश्नातली जमीन

माझा धाकटा भाऊ जयसिंग याचा फोन आला आणि तो म्हणाला, "आक्का, आबांच्या जमिनीला तुझं नाव लावलं. तिसरा हिस्सा तुझा." बाई म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला.

धायरीसारख्या गावात भाऊ आपण होऊन बहिणीला जमिनीत हिस्सा देत नाही. तिथं बहिणीने हक्कसोड करायची, म्हणजे कागदावर सही करून आपला वाटा भावाला सोडायचा. मग भाऊ साडी नेसवतो, पोटभर जेवायला घालतो आणि माहेर शाबूत राहतं. आबा गेले तेव्हा सहीची वेळ माझ्यावरही आली होती. मी नाही म्हटलं नव्हतं, फक्त "विचार करते" म्हटलं होतं. तेवढ्यावरून जयसिंगने माझ्याशी बोलणं टाकलं आणि तलाठ्याला सांगितलं की वारस दोनच, आई आणि तो स्वतः. हे मला कळलं होतं. आईच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले होते. असा माणूस अचानक उदार झाला, तर पाणी कुठं तरी मुरतंय असं वाटणारच.

त्यात मी आमदार. माझं सासर खराडीचं, आणि मतदारसंघही तिकडचाच. निवडून आले तेव्हा लोकांनी हार मला घातले आणि कामं माझ्या नवऱ्याला, हिंदुरावांना सांगितली. ती सवय मोडायला मला वर्ष गेलं.

खराडीतल्या काचेच्या इमारतींमध्ये फरशा पुसणाऱ्या बायका संध्याकाळी कामावरून सुटल्या की हायवेपर्यंत चालत येतात, कारण आत बस येत नाही. बस का येत नाही, तर म्हणे गाड्या कमी आहेत. आणि गाड्या तर सरकारने नुकत्याच घेतल्या होत्या, चांगल्या विजेवर चालणाऱ्या, फोटो काढून. मग त्या गेल्या कुठं? चौकशी केल्यावर कळलं की त्यातल्या निम्म्या शहराच्या कडेला खाजगी जागांत नुसत्या उभ्या असतात. डेपोसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जागांवर गवत वाढलंय, आणि खाजगी जागांचं भाडं मात्र एका ठेकेदारामार्फत दरमहा जातंय. मी तारांकित प्रश्न टाकला. म्हणजे सभागृहात मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागेल असा.

आता इथली एक रीत सांगायला हवी. प्रश्न टाकला की तो उत्तरासाठी खात्याकडे जातो, आणि खात्यातून ज्याला झोंबणार त्याच्यापर्यंत पोचतो. मग आमदाराला फोन येतात, भेटायला माणसं येतात, आणि प्रश्न 'मिटतो'. ज्या दिवशी प्रश्नाचा नंबर पुकारतात, त्या दिवशी तो सन्माननीय सदस्य नेमका बाहेर चहा पीत असतो. काही जण तर मिटवून घ्यायलाच प्रश्न टाकतात, हे सगळ्या सभागृहाला माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

म्हणून मी वाट बघत बसले होते. ठेकेदाराचा माणूस येईल, पेढे आणील, आणि मी त्याला दारातून हाकलीन. मनातल्या मनात वाक्यंसुद्धा तयार होती. पण कुणी आलंच नाही. फोन नाही, पेढे नाहीत. खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. आणि मग भावाचा फोन आला.

रविवारी धायरीला गेले. आई, म्हणजे तुळजाबाई, दारातच उभी होती. तिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी लग्नानंतर पहिल्यांदा आल्यासारखा. वहिनीने पुरणपोळी केली होती. हिरवी साडी तयार होती. जयसिंग समोर बसून वाढ वाढ म्हणत होता.

"आक्का, तूप घे की. का आमदार झाल्यावर तूप बी चालत न्हाई?"

"चालतं. कशापायी एवढं चाललंय ते तेवढं कळू दे."

"कशापायी म्हंजे? तुझं हाय ते तुला दिलं."

"सहा वर्षं न्हाई दिलंस."

तो उठून हात धुवायला गेला. आई म्हणाली, "जेवताना काय गं उकरून काढती?" मी उरलेली पोळी ताटात बाजूला सारली.

जेवण झाल्यावर मी एकटीच ओढ्याकाठच्या वावराकडे गेले. माझ्या नावावर जे लागलं होतं ते हेच. जागा कुठल्याशा कंपनीला गाड्या लावायला दिलीय, एवढं कानावर होतं. मला वाटलं होतं टेम्पो असतील, मार्केट यार्डाला माल नेणारे. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून वळले आणि समोर बस दिसल्या. ओळीने, पांढऱ्या निळ्या, अंगावर सरकारचं नाव. टायरांखाली गवत आलं होतं. आमच्या भुईमुगाच्या वावरात माझाच प्रश्न उभा होता.

मला कसं फसवलंय ते तिथंच कळलं. पेढे आणायची त्यांना गरजच नव्हती. मलाच मालकीण करून ठेवली होती. मी उठून विचारलं की या खाजगी जागांचे मालक कोण, की मंत्री कागद उघडून माझंच नाव वाचणार. माझा राग इतका अनावर झाला, की एका बसला मी चक्क लाथ मारली. राखणदार बघत होता.

माघारी येऊन जयसिंगला अंगणात गाठलं. "तुला कोण भेटलं? ठेकेदार का खात्यातलं कोण?"

"कोण ठेकेदार? माझ्याकडं त्याचा पोऱ्या येतो भाडं द्यायला. एवढंच."

"आणि माझं नाव लावायची बुद्धी कुणी दिली?"

त्याने पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाला, "दिलं न्हाई तवा बी वाईट, दिलं तवा बी वाईट. तुझं तूच बघ." आणि आत गेला.

आई ओसरीवर बसली होती. ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. मी साडी तिथंच ठेवून निघाले.

माझे स्वीय सहायक श्रीनिवास हे सदाशिव पेठेतले. निवृत्त सरकारी नोकर, आणि बोलणं असं की माणसाला त्याची जागा दाखवून द्यावी. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"अभिनंदन, ताई. प्रश्न विचारणार आपण, आणि उत्तरात नावही आपलंच. सरकारचं काम हलकं केलंत."

"श्रीनिवासराव, हा प्रश्न टाकला ते तुम्हाला आणि मला सोडून कुणाला माहीत होतं?"

"मला विचारताय की माझ्यावर संशय घेताय? तेवढं स्पष्ट करा, म्हणजे त्याप्रमाणे चहा पितो."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. ते म्हणाले, "प्रश्न खात्यात गेला की शिपायापासून सगळ्यांना माहीत होतो. आपल्याला तीन हजार माणसांवर संशय घ्यावा लागेल. त्यापेक्षा प्रश्न मागे घ्या. नाही तर जमीन भावाला सोडून द्या, आणि मग विचारा. हातही स्वच्छ, भाऊही खूश."

हिंदुरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "प्रश्न काय, दर अधिवेशनात टाकता येतो. जमीन दर अधिवेशनात मिळत न्हाई." हिंदुरावही कधी जयसिंगला भेटले असतील का, असं त्या क्षणी मनात आलं. आलं ते आलं.

मी दोन्हीतलं काही केलं नाही. प्रश्न मागे घेतला असता तर त्या बायकांच्या तोंडाकडे बघता आलं नसतं. आणि जमीन का सोडू? माझ्या बापाची होती. तिच्यातल्या शेंगा मीही उपटल्या होत्या.

अधिवेशनात प्रश्नाचा नंबर पुकारला गेला. मंत्र्यांचं छापील उत्तर आधीच हातात आलं होतं: 'अंशतः खरे आहे.' मी उभी राहिले. समोरच्या बाकांवर दोघे जण एकमेकांना कोपर मारत हसत होते. त्यांना माहीत होतं. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

"अध्यक्ष महोदय," मी म्हटलं, "उपप्रश्नाआधी मला एक सांगायचं आहे. या खाजगी जागांपैकी एका जागेची एक मालक मी स्वतः आहे. मी हा प्रश्न टाकला, आणि त्यानंतर माझं नाव तिथं लागलं. माझ्या भावाने मला न मागता हिस्सा दिला. भावाने बहिणीला न मागता जमीन दिल्याचं या सभागृहात कुणाला माहीत असेल, तर त्यांनी हात वर करावा."

सभागृह हसलं. दोन्ही बाजूंचं. एकही हात वर झाला नाही. मंत्री पाणी प्यायले. मग मी एकामागून एक विचारत गेले, डेपोच्या जागांवर गवत का, भाडं कुणाला, गाड्या उभ्या का, आणि मंत्र्यांना सगळ्या भाडेकरारांना स्थगिती आणि चौकशी जाहीर करावी लागली. माझं ते हात वर करायचं वाक्य संध्याकाळपर्यंत राज्यभर फिरलं. चालत जाणाऱ्या बायकांपैकी एकीने मला फोन करून नुसतं "ताई, ताई" म्हटलं आणि ती रडली.

पुढच्या आठवड्यात मी धायरीला गेले. वावरातल्या बस निघाल्या होत्या, नुसत्या टायरांच्या खुणा होत्या. आई ओसरीवरच होती. शेजारच्या सोजरबाईंच्या मोबाईलवर तिने मला बघितलं होतं.

"चांगलं बोललीस," ती म्हणाली. "समदी हसली."

"आई, मला करणं भाग होतं. जयसिंगला त्यांनी..."

"त्याला कुणी न्हाई. मी." तिने माझ्याकडे बघितलंच नाही. "मी मागितलं तुझ्यासाठी. मेल्यावर आबास्नी तोंड दावायचंय मला. दोन दिस जेवली न्हाई मी, तवा त्यो तलाठ्याकडं गेला. आषाढात. तुझा त्यो प्रश्न-बिश्न तवा कुठं होता?"

मी प्रश्न टाकला होता दिवाळीनंतर.

"मग मला तेव्हाच का सांगितलं न्हाई?"

"तलाठी आज लावतो, उद्या लावतो म्हणायचा. नाव लागल्याबिगर सांगून काय उपेग? तू परत म्हनली असतीस, फसवत्यात."

जयसिंग गोठ्याकडून आला. हातात वैरणीची पेंडी होती. भाडं गेलं म्हणून तो शिव्या घालील असं मला वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आक्का," तो म्हणाला, "मी हात वर केला असता. पर तिथं आमाला कोण बसू देतंय?"

तो पेंडी घेऊन निघून गेला. आईचे पाय धरावेत असं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, हे वाक्य याला कुणी शिकवलं? समोरच्या बाकावरच्या त्या दोघांना सगळं कसं माहीत होतं? ठेकेदाराने आईलाही पुढं केलं नसेल कशावरून? मी तशीच गाडीत येऊन बसले आणि श्रीनिवासना फोन लावला.

"धायरीच्या तलाठ्याकडे जा. माझं नाव लावायचा अर्ज कधी आला, ती तारीख बघून या."

मला वाटलं ते टोमणा मारतील. त्यांनी मारला नाही.

"बघतो, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "तारीख दिवाळीनंतरची निघाली तर आपण जिंकलात. आषाढातली निघाली, तर आपण काय करणार आहात?"

आरशात आई दिसत होती, ओसरीवर तशीच बसलेली. मी फोन बंद केला आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.