बाबांची बटणं

मेंदू हा आयुष्यभर शिकणारा अवयव आहे. जे पुन्हा पुन्हा करावं, त्याच्या वाटा त्यात पक्क्या होतात. हे वाक्य प्राध्यापकांनी इतक्या वर्गांत म्हटलं होतं, की ते म्हणताना आता त्यांना मेंदू वापरावा लागत नसे.

एक पेशी दुसरीला निरोप धाडते. तोच निरोप वारंवार गेला की दोघींमधला सांधा बळकट होतो. गेलाच नाही, तर ढिला पडतो. ‘नातेवाइकांसारखंच,’ असं ते पुढे म्हणत आणि हशा येईपर्यंत थांबत.

वडिलांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा प्राध्यापकांनी त्यांना आपल्या घरी आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी हे सगळं ऐकवलं. वडील घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले.

“म्हणजे हात हलवत राहायचं,” ते म्हणाले.

“थोडक्यात, हो.”

“मग थोडक्यातच सांगायचंस की.”

वडिलांना एकच हवं होतं: आपल्या घरी परत जायचं आणि तिथे आपलं आपण राहायचं. फिजिओथेरपिस्टबाईंची अट होती, की आधी स्वतःचा शर्ट स्वतः घालता आला पाहिजे. रोज सकाळी बटणं त्यांनीच लावायची, कितीही वेळ लागो.

सकाळी नेमकं प्राध्यापकांना कॉलेज. वडिलांची बोटं काजाभोवती घुटमळत, प्राध्यापक घड्याळाकडे बघत, आणि मग “आजच्या दिवस हं, बाबा,” म्हणून भराभर सगळी बटणं लावून मोकळे होत. आजचा दिवस बरेच महिने चालला.

तपासणीला बाई आल्या. बाबांना घरी न्यायला धाकटी बहीणही आली. तिने सामान बांधून दाराशी ठेवलंसुद्धा.

“हं आजोबा, लावा बटणं.”

वडिलांनी हात उचललाच नाही. हनुवटी वर केली, डोळे मिटले, आणि दाढी करवून घेणाऱ्यासारखे निवांत उभे राहिले.

“आजोबा?”

“येईल तो,” वडील म्हणाले. “रोज येतो.”

बहिणीने भावाकडे पाहिलं. “दादा, तू लावत होतास?”

“कधीकधी. घाई असली की.”

“तुला घाई कधी नसते?”

प्राध्यापकांचे कान तापले. त्याहून वाईट म्हणजे त्यांचे हात एव्हाना आपणहून वडिलांच्या कॉलरपाशी पोचले होते. ते त्यांनी मागे घेतले आणि कुठे ठेवावेत ते न कळून खिशात घातले.

“शिकवलंस मात्र छान,” बहीण म्हणाली. “हनुवटी काय झकास वर जाते!”

“अजून महिनाभर इथेच,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही मध्ये हात घालायचा नाही.”

“त्याला बोलू नका,” वडील म्हणाले. “माझीही काही तक्रार नव्हती. तेवढाच तो जवळ यायचा.”

यापेक्षा चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं, असं प्राध्यापकांना झालं. बहिणीने सामान उचलून पुन्हा आत नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांच्या हातांत बाह्या तेवढ्या चढवल्या आणि समोर स्टुलावर बसले, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. पहिलं बटण निसटलं. पुन्हा निसटलं. प्राध्यापकांच्या जिभेवर मेंदूचं वाक्य आलं; ते त्यांनी गिळलं.

“घड्याळाकडे बघू नकोस. हात थरथरतो.”

“नाही बघत.”

“बघतोयस.”

पहिला तास बुडाला. मग दुसरा. अंगठा सरकला, काज सापडलं, एकेक करत वडील कॉलरपर्यंत आले. शेवटचं बटण लागलं, आणि त्यांनी मुलाकडे असं पाहिलं, की प्राध्यापकांचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी पहिल्यांदाच बोटं सोडून बाकीचा माणूस पाहिला.

शर्ट उलटा होता.