पहिल्या तासाचं पाणी

"बाई, येऊ आत?"

दारात पाचजणी उभ्या होत्या आणि फळ्यावरचं प्रमेय अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. वसुधाबाईंनी मागे न वळताच हात हलवला. यायचं तर या, नाहीतर राहा उभ्या, असा तो हात. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं की माणसाचा राग काही कमी होत नाही. मागे वळून रागवायचा कंटाळा येतो, एवढंच.

पाचजणींत शेवटची मालन. स्कर्टची कड ओली, वेणी अर्धीच घातलेली. तिचा भाऊ चंद्रप्रकाश केव्हाचाच दुसऱ्या बाकावर येऊन बसला होता, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून. चंदू तिच्याहून वर्षाने मोठा, पण नववीत गचकला म्हणून भाऊबहीण दहावीत एकाच वर्गात. राहणार घाटकोपरच्या डोंगरावर, एकाच खोलीत. तरी हा घंटेच्या आधी हजर आणि ही प्रमेय संपता संपता.

तास सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं. "काय गं, सहामाहीत मराठीत पहिली, भूगोलात पहिली आणि गणितात दांडी गुल? झोप आवरत नाही का सकाळची?"

"झोप नाही, बाई. मी साडेचारला उठते." मालन खाली बघत म्हणाली. "पण नळ पावणेसातला येतो ना. लाइन मोठी असते. पाणी भरून टाकलं की मग निघते."

"आणि चंदू?"

मालनला प्रश्नच कळला नाही. "चंदू काय, बाई?"

शाळा सात-दहाला भरायची आणि दहावीला पहिला तास गणिताचा. डोंगरावरचे मुलगे वेळेवर, मुली उशिरा. रोज. इतकं साधं गणित, आणि शिक्षकांच्या खोलीत मात्र चहाच्या पेल्याबरोबर एकच उत्तर फिरायचं. "मुलींची डोकी गणितात चालतच नाहीत हो," विज्ञानाचे कुंडलिक सर म्हणायचे, आणि तेसुद्धा कोणाला, तर बीएस्सीला गणितात विद्यापीठात पहिल्या आलेल्या वसुधाबाईंना! बाई नुसत्या हसायच्या. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

त्या दिवशी मात्र त्या थेट मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, गणित तिसऱ्या तासाला घ्या. पहिल्याला चित्रकला ठेवा."

"अहो, सकाळी डोकं ताजं असतं मुलांचं."

"ताजं असून काय करू, सर? आधी डोकं वर्गात तर हवं!"

सरांनी बरीच कुरकुर केली, पण दिवाळीनंतर वेळापत्रक बदललं. आणि काय सांगावं, महिनाभर मालनने बाईंना नवी उमेद दिली. भूमितीत प्रश्न पडायचा अवकाश, हिचा हात वर. एकदा तर फळ्यावर येऊन तिने बाईंच्या रीतीपेक्षा आखूड रीत काढून दाखवली. बाईंना कितीतरी वर्षांनी शाळेतून घरी जाताना बरं वाटलं.

मग मालन पुन्हा उशिरा यायला लागली. आधी दुसरा तास बुडाला. नंतर तिसऱ्यालाही ती दारात, "बाई, येऊ आत?" बोटं साबणाने पांढरी पडलेली, खडू हातातून निसटायचा.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली तेव्हा बाई धापा टाकत डोंगर चढून तिच्या घरी गेल्या. तिची आई, रुक्मिणी, पहिल्या पाळीहून नुकतीच परतली होती. विक्रोळीला एका कारखान्यात ती डबे भरायच्या कामावर होती. पहाटे साडेपाचला घर सोडायची. पाहुण्या बाईंसाठी तिने घाईघाईने चटई टाकली.

"तास बदलून घेतला मी, तरी हिला उशीर होतोच कसा?"

"बदललात म्हणान बरा झाला, बाई!" रुक्मिणी मनापासून म्हणाली. "आता पयलो तास चित्राचो ना? मगे कसली घाई? माका धुण्याचा टेन्शन होता, ता आता ती उरकून येता. तुमचे लय उपकार."

 बाईंनी मिळवून दिलेला तास धुण्यात गेला होता, आणि वर त्याचे आभार पदरात पडत होते.

"अहो, चंदू घरात असतो ना तेव्हा? दोन हंडे त्याने आणले तर?"

रुक्मिणी हसायलाच लागली. "बायकांच्या लायनीत झील उभो रवात? लोका काय म्हणतली?" मग हसू ओसरलं. "माका कळता सगळा, बाई. मी कामावर नाय गेलंय तर दोघांचीव शाळा बंद. ह्यांची गिरण संपात गेली, आता वॉचमनकी करतत. मुलींची फी माफ झाली म्हणान चेडू शाळेत तरी रवला. पण ते बोलून बसलेत, परीक्षेत गचकली तर वैशाखात गावाक लगीन. सोयरीकय बघून ठेवलीसा."

फी माफ झाली होती. पाणी कोणी माफ केलं नव्हतं.

आणि पूर्वपरीक्षा ही अशी अवघड जागा: त्यात नापास होणाऱ्यांचे बोर्डाचे फॉर्म शाळा अडवून ठेवायची. गणिताचा पेपर सकाळी सात-दहाला. अर्ध्या तासानंतर आलेल्याला आत प्रवेश नाही. तिथे वेळापत्रक कोणाला बदलता येणार होतं?

पेपरच्या दिवशी बाई मुलुंडच्या घरी अंधारातच तयार झाल्या. भावाच्या, नंदकिशोरच्या, संसारात त्या राहत होत्या. त्याचं इंजिनीअरिंग सुरू झालं त्याच वर्षी त्यांना एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. वडील म्हणाले होते, दोघं एकदम कसे शिकणार गं? तू तात्पुरती नोकरी धर. ती तात्पुरती नोकरी अजून चालू होती. पाचला नळ आला की आतून नंदूची हाक यायची, "ताई, पाणी आलं गं." तीही चालूच होती.

आजही आली. बाईंनी चपला घातल्या. "आलंय खरं. ड्रम भरून ठेव."

"मी?"

"हो, तू," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

डोंगरावरच्या नळाशी मालन रांगेत उभी होती, पुढ्यात दोन हंडे, एक कळशी आणि काखेत कंपासपेटी. रांग हलत नव्हती. नळच आला नव्हता. पोरीचे डोळे भरून आले होते.

"दे ती चुंबळ इकडे," बाई म्हणाल्या. "पळ."

"बाई, तुम्ही? अहो, लोक बघतायत!"

"बघू दे. लोकांचा पेपर नाही आज, तुझा आहे. माझ्या विषयाला मला वर्गावर ड्युटी नसते. पळ म्हणते ना!"

मालन पळाली. उतारावर तिची एक चप्पल निघाली, ती हातात घेऊन तशीच पळाली.

थोड्या वेळाने चंदू आला. तेल लावून भांग, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. बाईंना बघून तो अदबीने थांबला. पोरगा वाईट नव्हता.

"नमस्ते, बाई! पेपर सोपा काढलाय ना?"

बाईंच्या पायाशी त्याच्याच घरचे हंडे होते. ते त्याला दिसले नाहीत असं नाही. पण त्या हंड्यांशी आपला काही संबंध असतो, हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

"वेळेवर जा," बाई म्हणाल्या.

"हो, बाई," म्हणून तो शीळ घालत खाली उतरला.

मग नळ खरखरला, फुसफुसला आणि एकदाचा आला. बायकांची एकच झुंबड उडाली. आपली पाळी आल्यावर बाईंनी पदर खोचला, हंडा भरला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा एका दमात वर घेतला. कळशी कमरेवर. एक थेंब सांडला नाही.

मागची बाई बघतच राहिली. "अगो बाई! मास्तरीण ना तुम्ही? ह्याची सवय दिसते की!"

"आहे ना," वसुधाबाई म्हणाल्या. "मलाही भाऊ आहे."

त्या बाईने मान डोलावली आणि आपला हंडा नळाखाली सरकवला.